एकदम विझलेले दोन दिवे

ती सकाळ अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. निवृत्तीनंतर लोक खून-दरोड्यांच्या गोष्टी विचारतात आणि मी सांगतोही. या प्रकरणाबद्दल मात्र आजवर कुठे बोललो नाही. नीट सांगता येईल की नाही, याची आत्ताही खात्री नाही.

तेव्हा मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. होटगीच्या बाजूला रस्ता रुंद करण्याचं काम चालू होतं आणि त्यासाठी खडी फोडणारा क्रशर बसवला होता. एके दुपारी ठाणे अंमलदाराकडे वर्दी आली. खडी भरणारा लोडर उतारावरून मागे घेताना एका कामगार बाईच्या अंगावर गेला होता. बाई जागीच गेली.

मी पोचलो तेव्हा लोडर उताराच्या शेवटी मातीच्या ढिगाला टेकून उभा होता आणि त्याचा चालक चाकाजवळ जमिनीवर बसला होता. तो पळाला नव्हता. अशा गुन्ह्यात चालक बहुतेक वेळा जागेवर सापडत नाही. याचा अर्थ मी त्याच दिवशी लावायला हवा होता.

स्थळ पंचनामा झाला, प्रेत शवविच्छेदनाला गेलं, चालकाच्या रक्ताचा नमुना घेतला. तो करकंबचा, तिशीतला. कामावर येऊन त्याला बाराच दिवस झाले होते. जबाबात तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला. "ब्रेक दाबला, पण लागलाच न्हाय. आन दिवा बी पेटला न्हाय साहेब. पेटला असता तर मी मशीन हलिवलीच नसती."

या मशीनचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. टाकीतली हवा कमी झाली की चालकासमोर एक लाल दिवा पेटतो आणि भोंगा वाजतो. तो दिवा पेटला की मशीन जागेवर थांबवायची, असा नियम आहे. हे सगळं मला नंतर समजलं. त्या दिवशी काहीच माहीत नव्हतं आणि माहीत नाही असं म्हणायची लाज वाटत होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शिकलेल्या माणसाला सगळं कळतं, अशी घरच्यांची समजूत होती. पुढे ती माझीही झाली. म्हणून मी त्याला दिव्याबद्दल काही विचारलं नाही. टेबलावर काठी आपटली आणि किती प्यायला होतास, एवढंच विचारलं. त्यानं मान खाली घातली. ती मी कबुली धरली.

मोटार वाहन निरीक्षकांनी मशीन चालू करून तपासली. ब्रेक लागत होता. साइटच्या सुपरवायझरनं जबाब दिला, की रोज सकाळी चावी फिरवून सगळे दिवे पेटतात का ते तो स्वतः बघतो आणि त्या सकाळीही ते पेटले होते. माझ्या दृष्टीनं तपास संपला होता. हयगयीनं मृत्यूस कारणीभूत. चालकाला जामीन मिळाला. तरी तो रोज ठाण्यात यायचा आणि बाकावर बसून राहायचा. आठवड्यातून एकदाच हजेरी आहे, असं अंमलदारानं सांगूनही यायचा. गावात तोंड दाखवता येत न्हाय, म्हणायचा.

आठव्या दिवशी मयत बाईचा नवरा कागद न्यायला आला. तो अक्कलकोटकडचा, त्याच क्रशरवर कामाला. त्याच्या मराठीला कन्नडचं वळण होतं. कागद घडी करून खिशात ठेवले तरी तो जाईना. बाहेर बाकावर चालक बसलेला होता. त्याच्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "त्याला मारू नका, साहेब."

कुणी मारलेलं नाही, असं मी म्हणालो.

"ती त्या मशीनवर पाणी द्यायला शिडी चढायची. आधीचा डायवर व्हता तवापासनं. म्हणायची, ह्या मशीनला लाल कुंकू कुणी लावलंय हो, पुसतच न्हाय. कायम पेटलेला असायचा त्यो दिवा. मग एक दिवस म्हणाली, आज कुंकू पुसलं."

हे सांगताना त्याचा आवाज स्थिर होता. मलाच नजर खाली घ्यावी लागली. सवाष्णीनं असं बोलू नये, म्हणून आपण तिला त्या दिवशी रागावलो होतो, असंही तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच घेऊन मी पुन्हा क्रशरवर गेलो. सोबत ठाण्याची गाडी चालवणारे आमचे हवालदार होते. सुपरवायझर होता. साइटच्या मशीनचं विजेचं काम करणाऱ्या वायरमनलाही बोलावलं होतं. तो सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला, साठीच्या आसपासचा. आजूबाजूच्या सगळ्या साइटवर त्याला मास्तर म्हणत.

सुपरवायझरनं चावी फिरवली. सगळे दिवे पेटले. त्यानं इंजिन चालू केलं. दिवे विझले. "बघा साहेब, सगळं ओके हाय," तो म्हणाला. मीही पंचनाम्यात तसंच लिहायला निघालो होतो.

आमचे हवालदार मात्र मशीनच्या पायरीवरून उतरेनात. त्यांनी टाकीखालचा नळ उघडून सगळी हवा सोडायला लावली आणि चावी पुन्हा फिरवायला सांगितली. पुन्हा तेच झालं. बॅटरीचा दिवा आणि ब्रेकच्या हवेचा दिवा दोन्ही पेटले आणि इंजिन चालू होताच दोन्ही एकदम विझले.

"साहेब," हवालदार म्हणाले, "आपल्या मोठ्या गाडीला हवा भरायला दोन-तीन मिनिटं लागत्यात. तवर तिचा दिवा पेटलेलाच असतो. हितं टाकी मोकळी हाय आन दिवा लगेच विझला. ह्यो हवेकडं बघंनाच की."

मी मास्तरांना चालकासमोरची दिव्यांची फळी खोलायला सांगितलं. त्यांनी खोलली. ब्रेकच्या दिव्याची वायर तिच्या जागेवरून काढून बॅटरीच्या दिव्याच्या वायरीला जोडली होती. चावी फिरवली की पेटायचा, इंजिन चालू झालं की विझायचा. सकाळच्या तपासणीत तो रोज पास होणार होता. भोंग्याची वायर तर तोडूनच टाकलेली होती. सुपरवायझर म्हणाला, जुन्या मालकाकडून मशीन अशीच आली असेल.

पंचांपैकी एकजण यंत्रमागावर काम करणारा होता. जोडावरची चिकटपट्टी उन्हात सुटू नये म्हणून तिच्यावर सुती धागा गुंडाळून गाठ मारलेली होती. तो पंच ती न्याहाळत राहिला. मागावर तुटलेलं सूत जोडताना मारतात तीच ही गाठ, असं तो म्हणाला. वायरीला अशी गाठ मारलेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

मास्तरांनी पक्कड खाली ठेवली.

"गाठ माझीच हाय, साहेब."

त्यांचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. दिवा कायम पेटतो म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांनी आपला मीटर लावून टाकीतली हवा मोजली. हवा पूर्ण होती, तरी दिवा पेटलेला. म्हणजे दिवा खोटा होता. कुठेतरी वायरीवरचं प्लास्टिक घासून ती लोखंडाला टेकत होती. दोन दिवस त्यांनी वायर चाचपली, पण जागा सापडली नाही. मशीन थांबली म्हणून सुपरवायझर मागे लागला होता. सकाळी तपासायला दिवा पेटला पाहिजे आणि कामात नडायला नको, असं काहीतरी कर, म्हणाला. मास्तरांनी करून दिलं. आठ दिवसांत येऊन सगळी वायर नवी घालतो, असं ठरलं. तेवढ्यात त्यांच्या बायकोचं ऑपरेशन निघालं आणि ते राहून गेलं.

त्याच काळात हवेच्या पाइपला बारीक चीर पडली. इंजिन तापलं की ती उघडायची आणि हवा निसटायची. मोटार वाहन निरीक्षकांनी थंड मशीन तपासली होती. खोट्या दिव्याला गप्प केलं होतं. त्यामुळे खरं सांगायची वेळ आली तेव्हा तो बोलूच शकला नाही. जबाबावर सही करताना मास्तरांनी मला एवढंच विचारलं, की त्या बाईला मुलं किती. मी सांगितलं.

सुपरवायझर आणि मास्तर आरोपी झाले. रक्ताच्या अहवालात दारू नव्हती. चालकाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला.

ते सांगायला मी स्वतः बाकाकडे गेलो. तो उठून उभा राहिला. तुझी चूक नव्हती, तू खरं बोलत होतास, असं मी त्याला सांगितलं. माझी चूक झाली, एवढे शब्द मात्र तोंडातून बाहेर आले नाहीत. तो रडेल, हात जोडेल, असं मला वाटलं होतं. त्यानं तसं काही केलं नाही.

मग म्हणाला, "साहेब, एक इचारू? ब्रेक लागला न्हाय तवा मी नुस्ताच पाय दाबत बसलो. त्या टायमाला म्होरची खडी भरायची बकेट खाली टेकिवली असती, तर मशीन थांबली असती का?"

खोटं ऐकायची सवय लागली की खरं बोलणाराही आपल्याला तसाच ऐकू येतो, हे मी या प्रकरणात शिकलो. कळत नसेल तर विचारावं, हेही शिकलो. पुढच्या नोकरीत दोन्ही पाळायचा प्रयत्न केला. पण त्या क्षणी मी त्याच्याकडे बघितलं आणि ठामपणे सांगितलं, "नाही. थांबली नसती."

त्यानं मान हलवली आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालत गेला. हवालदार माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना याचं उत्तर माहीत असणार. मी त्यांना विचारलं नाही. अजूनही कुणाला विचारलेलं नाही.