डाव्या कडेची फट

अनघा मोडक पुण्याहून सिंगापूरला आली तेव्हा रग्बी म्हणजे चिखलात लोळणाऱ्या धिप्पाड माणसांची मारामारी, एवढीच तिची समजूत होती. संख्याशास्त्र शिकलेली बाई. इथल्या एका बँकेत जोखमीचे अंदाज बांधायची. नवरा अमेय शनिवारी ऑफिसातल्या मंडळींबरोबर हौशी रग्बी खेळायला जायचा आणि ही कडेला कंटाळून बसायची. तिथे शिकवायला येणाऱ्या हाफिजनं तिचा कंटाळा ओळखला.

"चेंडूकडे बघू नकोस, काक," तो म्हणाला. "चेंडू नसलेली माणसं बघ."

मलयमध्ये ‘काक’ म्हणजे ताई. मराठीत त्याचा कावळा होतो, हे अनघानं सांगितलं तेव्हा हाफिज गवतावर बसून पोट धरून हसला. तिथून त्यांची मैत्री जुळली. तो सिंगापूरच्या उत्तर टोकाच्या वुडलँड्सचा, हॉर्नबिल्स या व्यावसायिक रग्बी लीग क्लबकडून कित्येक वर्षं खेळत आलेला. त्यानं तिला तेरा जणांची रांग वाचायला शिकवलं, आणि दोन-तीन वर्षांत त्याच्याच शब्दावर क्लबनं तिला व्हिडिओ विश्लेषक म्हणून घेतलं. बँक सोडताना अमेयनं तिला पुन्हा पुन्हा विचारलं, "नक्की ना?" तिचं नक्की होतं.

गेल्या वर्षी हॉर्नबिल्सनी लीग जिंकली. चषक उचलताना हाफिजनं अनघाला ओढत मैदानात नेलं होतं. घरच्या हॉलमध्ये तो फोटो अजून आहे: मध्ये हाफिज, बाजूला घामानं निथळणारे बारा जण आणि सलवार-कमीज घातलेली एक बाई.

यंदा सगळंच उलटं फिरलं. विजेत्यांना हरवायचं म्हणून प्रत्येक संघ चवताळून यायचा. पहिले दोन सामने थोडक्यात हातचे गेले. नंतरचे थोडक्यातही गेले नाहीत. स्टँड रिकामे दिसू लागले. बारा वर्षांची ऋचा शाळेतून आली की दप्तर टाकतानाच सिंगापुरी इंग्रजीत विचारायची, "आई, अगेन लूज आ?" आणि अनघाला तिच्यावर विनाकारण ओरडावंसं वाटायचं.

गुण जायचे ते बहुतेक डावीकडून. तिथे अगदी कडेला वेई जिए नावाचा विंगर खेळायचा. सव्वीस वर्षांचा, अबोल, सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. दर सामन्यात कोणीतरी त्याला चुकवून रेषेपलीकडे कोपऱ्यात चेंडू टेकवायचं, म्हणजे ट्राय करायचं, आणि कोच त्याच्या नावानं गरजायचा. कोच ब्रिस्बेनचा, माणूस वाईट नव्हता. पण हरणारा कोच होता, आणि त्याला उत्तर हवं होतं.

एका रविवारी सकाळी अनघा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन त्याच सगळ्या ट्राय बघत बसली होती. कोपरा बघून बघून डोळे शिणले, तेव्हा तिनं चित्र मागे नेलं. कोपऱ्यात गोंधळ व्हायच्या आधी काय होतंय ते बघू लागली.

या खेळात चेंडूवाल्याला पाडलं की बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे पळून पुन्हा रांग धरायची असते. सगळे पळत होते. एक माणूस हात गुडघ्यावर ठेवून उठत होता आणि अर्धं पाऊल उशिरा रांगेत पोचत होता. त्याची जागा झाकायला शेजारचा आत सरकत होता आणि बाहेर वेई जिए एकटा दोघांसमोर उरत होता. तिनं दुसरी ट्राय लावली. तेच. तिसरी लावली. तेच.

तो माणूस हाफिज होता.

अमेय चहा घेऊन आला. "सापडलं काही?"

"नाही," अनघा म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

सोमवारच्या बैठकीसाठी तिनं चित्रफिती कापल्या त्या दोन-तीन सेकंद उशिरापासून. हाफिज उठतानाचा भाग त्यात नव्हता. पडद्यावर फक्त कोपरा आणि तिथे भांबावलेला वेई जिए. कोचनं त्याला सगळ्यांसमोर झाडलं. तो "सॉरी, कोच" एवढंच म्हणाला. बैठक संपल्यावर तो अनघाच्या टेबलापाशी आला.

"मी कुठे चुकतोय? तुला वरच्या काचेच्या खोलीतून दिसत असेल ना. सांग, मी करतो."

अनघानं लॅपटॉपची तार गुंडाळायला घेतली. "थोडा... थोडा आत उभा राहून बघ," ती म्हणाली.

त्यानं मनापासून आभार मानले.

दुसऱ्याच दिवशी तिनं वुडलँड्स गाठलं. हाफिज त्याच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, भेटला. ती काय बोलायला आली हे तिचा चेहरा बघूनच त्याला कळलं असावं, कारण त्यानं काही मागवलं नाही.

"गुडघा ना?" तोच म्हणाला.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या फायनलच्या आधीपासून."

"कोचला सांग, हाफिज. तू सांगितलंस तर मान राहील."

टेबल पुसणाऱ्या म्हातारीसाठी त्यानं कोपर उचललं. मग हळू आवाजात म्हणाला, "काक, सतरा वर्षांचा असल्यापासून मी हेच केलंय. मला दुसरं काहीच येत नाही. सकाळी उठून मी कोण, हे मला या जर्सीमुळे कळतं. फक्त पुढचा सामना खेळू दे. जिंकलो तर मीच थांबतो."

"आणि वेई जिए?"

"तो तरुण आहे. त्याच्याकडे वर्षं आहेत."

अनघाला तिथल्या तिथे ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण ज्यानं तिला डोळे दिले त्याच्यावरच ते कसे रोखायचे? ती "बरं" म्हणाली आणि उठली. घरी जाताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, तिला जागा मिळाली होती, तरी ती उभीच राहिली.

पुढच्या सामन्यात वेई जिए तिनं सांगितल्याप्रमाणे आत उभा राहिला. समोरच्यांना दुसऱ्याच मिनिटाला ते दिसलं. त्यांनी त्याच्या डोक्यावरून उंच किक मारली, मोकळ्या कोपऱ्यात चेंडू पकडला आणि ट्राय केली. मग पुन्हा. आणि पुन्हा. वर काचेच्या खोलीत अनघा प्रत्येक ट्रायची वेळ टिपत बसली होती. तो चेंडूमागे उलटा धावत होता, पडत होता, उठून पुन्हा तिथेच, तिनं सांगितलेल्या जागी, उभा राहत होता. घरचे प्रेक्षकच त्याची हुर्यो उडवत होते.

दोन दिवसांनी क्लबनं त्याचा करार रद्द केला. ते कळल्यावर अनघा बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि तोंडावर टॉवेल दाबून रडली. मग बाहेर येऊन सगळ्या चित्रफिती मुळापासून जोडल्या. आधी हाफिजला फोन केला.

"मी आता कोचकडे जातेय."

 पलीकडून फोन बंद झाला.

कोचनं सगळं दोनदा पाहिलं. "हे तुला कधीपासून माहीत होतं?"

तिनं खरं सांगितलं. कोच तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"वेई जिएला परत घ्या," ती म्हणाली. "चूक त्याची नव्हती."

"त्याच्या जागी आम्ही आधीच माणूस घेतला, अनघा. आता जागा नाही."

हाफिजला संघाबाहेर बसवलं. नवा विंगर आला, डावी कड सावरली आणि उजवी ढासळली. खचलेला संघ एकीकडून शिवला की दुसरीकडून उसवत होता. गतविजेते हॉर्नबिल्स तळाला गेले. शेवटच्या सामन्यात हाफिज वर काचेच्या खोलीत आला, अनघापासून दोन खुर्च्या सोडून बसला.  सामना संपल्यावर जाताना दाराशी थांबला, वळला नाही. "वरून फारच स्पष्ट दिसतं," म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो तिच्याशी कधी बोलला नाही.

हंगाम संपल्यावर अनघानं राजीनामा दिला. अमेय म्हणाला, "आता विसर." पण तिचं एक काम उरलं होतं.

वेई जिए वडिलांच्या टाइल्सच्या दुकानात काम करत होता. तिला पाहून त्यानं हातमोजे काढले. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: कापलेल्या फिती, हाफिजचा गुडघा, तो चुकीचा सल्ला. 

"म्हणजे आधी मी बरोबर उभा होतो?"

"हो."

"मग तू आत उभं राहा म्हणालीस."

"हो."

त्यानं हातमोजे काउंटरवर टाकले. अनघाला वाटलं, आता हा आपल्याला हाकलणार. तिला ते हवंही होतं. पण त्यानं दुकानाच्या मागे बोट दाखवलं. "माझी आई आहे आत. मी आळशीपणा केला म्हणून काढलं, असं तिला वाटतं. माझं ती ऐकत नाही. तिला सांग."

आत एक ठेंगणी बाई बिलांचा गठ्ठा लावत होती. अनघा इंग्रजीत एकेक वाक्य बोलली आणि वेई जिए खाली बघत स्वतःचीच निर्दोषता मँडरिनमध्ये आईला सांगत गेला. बाईचा हात थांबला. तिनं मुलाकडे बघितलं, मग अनघाकडे, आणि एक छोटासा प्रश्न विचारला.

"ती विचारतेय," वेई जिए म्हणाला, "आता ते मला परत घेतील का?"

अनघानं नकारार्थी मान हलवली. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.