काकांचा श्वास मोजताना

चहा घ्या आधी! कारण हे ऐकल्यावर माझ्या हातचं इंजेक्शन घ्यायला तुमच्यापैकी कुणी तयार होणार नाही.

कल्याणच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून नुकतीच लागलेले. पेशंट सिरियस होतोय हे वेळेत ओळखायचं कसं, याचं ट्रेनिंग आमच्या डॉक्टर सरांनी दिलं. "ब्लडप्रेशर पडायच्या आधी बऱ्याचदा श्वास वाढतो. पूर्ण मिनिट मोजा. पंचवीसच्या वर गेला तर मला लगेच बोलवा." पुढेही काहीतरी सांगत होते, पण माझं लक्ष कुठे? माझ्या हातून कुणी गेलं तर? हा एकच विचार डोक्यात.

दुसऱ्या दिवशी टिटवाळ्याचे एक काका वाट्याला आले. हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, आता घरी सोडणार. काकूंनी पिशवीसुद्धा भरलेली. मी घड्याळ धरलं आणि काकांच्या छातीकडे टक लावून उभी राहिले.

अठरा.

"काय झालं हो सिस्टर?"

"बोलू नका!"

आता सांगा, नर्सने असं दटावल्यावर माणूस घाबरणार नाही? परत मोजला. चोवीस! बाप रे, वाढतोय की!

"अगं, ही पोरगी अशी काय बघतेय माझ्याकडे?" काका काकूंना म्हणाले. काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि गणपतीला हाका मारायला लागल्या.

अठ्ठावीस! वर कपाळावर घाम! डोळ्यांदेखत माणूस चालला होता आणि जवळ मी एकटी!

"सर! लवकर या! काका सिरियस झालेत!"

हे काकांच्या उशाशी उभी राहून ओरडले हं मी. काकांनी डोळेच मिटले.

सर धावत आले. प्रेशर, ऑक्सिजन, छाती, सगळं तपासलं. सगळं ठणठणीत!

"काका, काय होतंय?"

"मला कुठे काय होतंय? हिला विचारा! नुसती बघते, सांगत काही नाही!"

सरांनी मला खुर्चीत बसवलं. हळूच माझं मनगट धरून मिनिटभर उभे राहिले. किती प्रेमळ माणूस! मला रडूच आलं.

"बत्तीस," सर म्हणाले.

"नाडी फक्त बत्तीस? सर, मी मरतेय का?"

"नाडी कोण बघतंय? तुझा श्वास मोजला. पेशंटला कळू न देता मोजायचा, तो असा!"

काका पलंगावरून सावकाश उतरले.

"डॉक्टर, हा पलंग रिकामाच होतोय. हिला झोपवा."