नव्या डॅशबोर्डला जुनं भोक

मंडळी, आज चंद्रपुरात माझ्या दिवंगत बाबांच्या ऐंशीच्या दशकातल्या अँबेसिडरचा तडकलेला डॅशबोर्ड बदलला. नवा हुबेहूब जुन्यासारखा आहे. फक्त बुद्धाची छोटी मूर्ती बसवायला बाबांनी पाडलेलं भोक त्यात नाही.

मिस्त्रींनी ड्रिल उचललं. "भाऊ, पाडून देऊ का? दोन मिनिटांचं काम हाये."

मी गोंधळलो. भोक पाडलं तर ती बाबांची नक्कल, नाही पाडलं तर गाडी बाबांची कशी?

आई म्हणाली, "नव्या गाडीले भोक पाडलं म्हणून मी तुह्या बाबाशी कितीक दिवस बोलली नाई. आता तू बी?"

मग ती गाडीत बसली आणि सवयीनं त्या रिकाम्या जागेला हात जोडले.

मिस्त्री अजून विचारताहेत. काय सांगू?