जिन्याखालचं कपाट

“दोन मिनिटं आत बस गं. मुलींना फील यायला हवा.”

मॅडमने जिन्याखालच्या कपाटाचं दार उघडलं आणि मला आत बसवलं. हॉलमध्ये तिच्या मुलीच्या नाटकाची तालीम चालली होती. शाळेचं नाटक. लढाईच्या काळात साध्यासुध्या घरांनी ज्यू माणसांना माळ्यावर, भिंतीआड, कपाटात लपवलं, शिपायांना दारातून परत पाठवलं, त्याची गोष्ट. एवढ्याशा जागेत माणूस मावतो कसा, ते मुलींना कळेना. म्हणून मी. गुडघे छातीशी, मान वाकडी. मुलींनी फोटो काढले. त्यांच्यातल्या एकीच्या आईने विचारलं, “हिला त्रास नाही होत?”

“छे! ती तिथेच झोपते. सवय आहे तिला.”

सगळ्या हसल्या. मग मॅडमचे डोळे भरून आले. माझ्यासाठी नव्हे, नाटकातल्या मुलीसाठी. “काय माणसं असतील ना ती! जिवावर उदार होऊन परक्याला लपवणारी. आपणही लपवलं असतं.”

मी आतून ऐकत होते. अंगाची लाही लाही झाली.

मस्कतमध्ये मालकाला अर्बाब म्हणतात. माझी अर्बाब मराठी, माझ्याच रायगड जिल्ह्यातली. माणगावला येऊन माझ्या आईला म्हणाली होती, “मुलीसारखी ठेवीन.” पासपोर्ट तिच्या कपाटात, फोन तिच्या पर्समध्ये, घराला बाहेरून कुलूप. माझा कप वेगळा, मोदक मात्र माझ्याच हातचे. आई वारल्याचा फोन तिनेच घेतला आणि मला गणपती विसर्जन झाल्यावर सांगितलं. सुतकातल्या बाईच्या हातचा नैवेद्य चालत नाही. मग मोदक कोण करणार? तेव्हा मी रडले होते. कपाटात बसले त्या दिवशी रडू आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी तिने मला अल मवालेहच्या भाजीबाजारात नेलं, पिशव्या उचलायला. ती आंब्यांचा भाव करत होती. शेजारी एक म्हातारा पिकअपमध्ये कांद्याच्या गोणी भरत होता आणि आपल्याकडच्या बोलीत कांद्यांना शिव्या देत होता. मी जवळ गेले. म्हटलं, “चाचा, मला घेऊन चला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं. पिकअपचं दार उघडलं.

“बस गो. यल्ला, चल.”

चाचा श्रीवर्धनचा. मस्कतजवळ बरका गावी एका शेतावर चाचीबरोबर राहायचा. पळालेल्या कामवालीला घरात ठेवणं इथे गुन्हा. दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं. चाचीने फक्त विचारलं, “जेवलीस?” आणि सुक्या मासळीच्या टोपल्यांमागे माझं अंथरूण घातलं.

मी बाहेर पाऊल टाकलं नाही. पण हाताची खोड जाईना. सकाळी उंबरा पुसला की पिठाची बोटभर रांगोळी ओढायचे. चाची हसायची. “राहू दे गो. दार बरं दिसतं.” मुसलमानाच्या दारात ती कशी दिसेल, हे तिला सुचलं नाही. मलाही नाही.

बाजारात कुणीतरी पिकअप ओळखली. मॅडम पोलीस घेऊन आली. चाची दारात उभी राहिली. “इथे कोन नाय.” पोलीस वळलेसुद्धा. मॅडमने खाली पाहिलं.

“मुसलमानाच्या उंबऱ्यावर रांगोळी?”

टोपल्या तिने स्वतः लाथाडल्या. पोलिसांनी चाचाला माझ्यासमोर गाडीत घातलं. चाची त्या रांगोळीवरच बसून राहिली.

मला पोलिसांनी भारतीय वकिलातीच्या हवाली केलं. आता मी तिथल्या आश्रयघरात आहे. चाचा कोठडीत. परवा मॅडम आली, सोबत मुलगी. आल्या आल्या म्हणाली, नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. मग गोड आवाजात म्हणाली, “एवढंच सांग, म्हाताऱ्याने फूस लावून पळवलं. पासपोर्ट देते. उद्या विमानात बस. आईचं वर्षश्राद्ध तरी गाठशील.”

तिच्या तोंडात माझी आई. मुलगी जमिनीकडे बघत होती. मला घरी जायचंय. इतकं जायचंय की रात्री दातांनी उशी धरते.

मी म्हणाले, “मी माझ्या पायांनी गेले. तुमच्या कपाटातून गेले. तेच सांगणार.”

“मग सड इथे.”

सडेन. चाचाला कोर्टात उभं करतील तेव्हा मीही उभी राहीन. तिथे सगळ्यांसमोर जमिनीवर बसून दाखवीन, गुडघे छातीशी, मान वाकडी. मग उठेन आणि सांगेन, मला कुणी कोंडलं आणि कुणी लपवलं. आईचं श्राद्ध राहिलं तर राहिलं. त्या माणसावर खोटा आळ घालून मी घरी जाणार नाही.