मोहाखालचं भांडण

आमच्या शेजारी सायकल दुरुस्त करणारे भाऊ राहतात. त्यांचा आवाज गावात कुणी फारसा ऐकलेला नाही. पंक्चर दाखवलं की मान हलवतात, काम झालं की पुन्हा मान हलवतात. बायकोही तशीच अबोल. मला वाटायचं, या घरात भांडणच नाही.

मग एका चैत्रात त्यांच्याबरोबर पहाटे मोहफुलं वेचायला गेलो आणि हादरलोच. झाडाखाली वाकल्याबरोबर दोघं कडाकडा भांडू लागली. करपलेली भाजी, सासरचा मानपान, कधीकाळी हरवलेली छत्री, काही म्हणून सुटलं नाही.

"घरी काऊन नाई भांडत?" मी विचारलं.

"घरी वाघ येते का, गुरुजी?" भाऊ म्हणाले.

वाकलेल्या माणसावर वाघ झडप घालतो. माणसाचा आवाज असला की लांब राहतो. म्हणून वर्षभराचं सगळं दोघं जंगलासाठी राखून ठेवत.

यंदा भाऊंच्या बायकोचं ऑपरेशन झालं, त्या चंद्रपूरला दवाखान्यात. भाऊ एकटेच मोहफुलं वेचायला निघाले, म्हणून काळजीनं मी मागोमाग गेलो. तर भांडण चालूच! खिशातल्या मोबाइलच्या स्पीकरवर बाई कडाडत होत्या, "छत्री तुमीच हरवली!" मागून नर्स म्हणत होती, "मावशी, हळू बोला." बाई कसल्या ऐकतात!

टोपलं भरलं. सडकेवर येताच भाऊंनी फोन तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाले, "आलो रोडवर. आता आराम कर."

पलीकडून तितकाच हळू आवाज आला, "छत्री मीच हरवली होती."

भाऊंनी नुसती मान हलवली.