इतर धोक्यांचा रकाना

तपासून झालं की नमुन्याचं पाणी आम्ही बेसिनमध्ये ओतून देतो. बाटली धुतली, उलटी ठेवली, विषय संपला. पण ते पाणी आणायला गेल्यावर जे ऐकलेलं असतं ते कुठं ओतायचं? ते साठत राहतं. घरी सांगायला गेलं तर आमचे हे म्हणतात, "झालं तुझं पाणीपुराण सुरू!" म्हणून तुम्हाला सांगते.

लॅबमध्ये आम्ही तिघं. साळवेसाहेब प्रमुख, रिटायरमेंटला आलेले. फॉर्मातला एक रकाना रिकामा दिसला की त्यांचं बीपी वाढतं. रफिकभाई जीप चालवतात आणि बीड जिल्ह्यातल्या कुठल्या हॉटेलात चहा चांगला मिळतो ते डोळे मिटून सांगतात. आणि तिसरी मी. गावोगावी माझं नाव 'पाणीवाली मॅडम'. उन्हाळ्यात तर जीप दिसली की पोरं घागरी घेऊन मागं धावतात. त्यांना वाटतं टँकर आला!

* * *

चौसाळ्याच्या बाजूला एका गावात घरोघरचं पिण्याचं पाणी गोळा करत होतो. एका घरी म्हटलं, "ताई, रोज पिता ना, तेच पाणी द्या या बाटलीत."

ताई आत गेल्या त्या वीस मिनिटं बाहेर येईनात. रफिकभाई तिकडून हॉर्नवर हॉर्न! शेवटी एकदाच्या बाटली घेऊन आल्या. हातात घेतली तर कोमट. झाकण उघडलं तर वाळ्याचा घमघमाट!

"ताई, हे काय केलंत?"

"उकळलं, तीनदा गाळलं, वाळा घातला. सरकारकडं जायचं पाणी, तसंच कसं देऊ?"

मी कपाळाला हात लावला. मग ओट्यावर बसून समजावलं, की आम्हाला चांगलं नको, खरं पाहिजे, त्यात घाण असेल तर तीच शोधायची आहे. तर त्या माझ्यावरच डाफरल्या, "पाव्हणं लोकं चांगलं मागत्यात. तुमी घाण कावून मागता?"

दुसरं पाणी घेतलंच, पण वाळ्याची बाटलीही मी मुद्दाम लॅबला आणली. साळवेसाहेबांनी वास घेतला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "ही लॅब आहे की रसवंती?"

* * *

एका गावात नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडरचा पत्ताच नव्हता. टाकीवर पाणी सोडणारे एक मामा होते, गरीब स्वभावाचे. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, "मामा, पावडर कधी टाकता?"

"तुमी येनार आसलात की टाकतो."

इतका प्रामाणिक माणूस! पुढं रागवायचं कसं, तेच मला कळेना. "अहो, मग आज का नाही टाकली?"

"आज तुमी न सांगता आलात की!"

नंतर खरं कारण सांगितलं. पावडर टाकली की पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो, आणि बायका नळावर उभ्या राहून मामांचा उद्धार करतात. मी तिथल्या तिथं बायकांना गोळा केलं आणि सांगितलं, वास आला तर समजायचं मामांनी काम केलंय. आता त्या गावात उलटं झालंय. वास नाही आला की बायका मामांच्या दारात जातात. परवा मामा भेटले, म्हणाले, "आदी वासापायी शिव्या खायचो, आता बिनवासापायी खातो. लई उपकार झाले, मॅडम!"

* * *

मग घरांची पाहणी करायचा फॉर्म आला. पाण्याबरोबर घरातही बघायचं. चुलीचा धूर कुठं जातो, फवारणीची औषधं कुठं ठेवली आहेत, वायरी उघड्या आहेत का, गोठा विहिरीपासून किती लांब. सगळ्यात शेवटी एक रकाना 'इतर धोके', आणि त्याला लागून 'उपाय'. साहेबांनी बजावलं, "रिकामं सोडायचं नाही. काही नसेल तर निरंक लिहा."

एका घरी विचारलं, "घरात धूर होतो का?"

"व्हतो की."

"चुलीचा?"

"न्हाई, गॅस हाय. मालकाच्या बिडीचा."

ते लिहिलं. "आणखी काही धोका?"

बाईनं मागं वळून बघितलं, पदर तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाली, "लिव्हा, सासूबाई."

तर आतल्या खोलीतून खणखणीत आवाज! "माजा बी फारम भरा, मॅडम! मला बी लिवायचंय!"

मी त्या दिवशी 'निरंक' लिहिलं आणि हसत हसत जीप गाठली.

* * *

त्याच फॉर्मापायी मी धारूरच्या डोंगरातल्या एका वाडीला गेले. दिवाळी होऊन गेलेली. गल्लीत नऊ घरं, आठांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली. शेवटच्या घरापुढं कौतिकमावशी बसलेल्या, सत्तरीच्या असतील. मुलगा, सून, नातवंडं सगळे कारखान्यावर. मावशींच्या कमरेला आठ घरांच्या किल्ल्यांचा जुडगा. चालल्या की खुळखुळ वाजायचा.

"यांची घरं सांभाळता?"

"घरं, दोन शेळ्या आन् ही हीर."

सगळी घरं त्याच विहिरीचं पाणी पितात. मी बादलीला हात लावला तर मावशींनी तो झटकलाच. "पाव्हणीनं शेंदायचं आसतं व्हय? तू च्या पी." खरं तर नमुना आपल्या हातानं घ्यायचा, हा नियम. पण पाणी वाईट निघालं तरच परत यावं लागतं, असं सांगत मी च्या पीत बसले आणि बाटली त्यांनी भरून आणली. चूक माझीच.

आमची ही बाटली साधी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि ठेवून द्यायचं. पाण्यात घाण मिसळत असेल तर दोन दिवसांत काळी पडते. ही डांबरासारखी काळी पडली! एकटी म्हातारी ते पाणी पीत होती. पुढच्या खेपेला भीत भीतच सांगितलं, "मावशी, विहिरीचं पाणी वाईट निघालंय हो. परत तपासावं लागेल."

मावशींनी काही वाईट वाटून घेतलं नाही. आत जाऊन सुपात भाजलेल्या शेंगा घेऊन आल्या. "मंग तुला परत परत यावं लागंल की! बस, शेंगा खा."

* * *

मध्येच रफिकभाईंचं सांगते, नाहीतर राहून जाईल. एकदा साहेबही बरोबर होते. एका शेतात घरच्यांनी फवारणीच्या औषधाच्या कॅनमध्ये पिण्याचं पाणी भरून ठेवलेलं. मी घाबरलेच. मालक म्हणतो, "सात येळा धुतलाय बाई, वास बी येत न्हाई."

यावर रफिकभाईंनी त्याला असं झापलं, असं झापलं! "अरे बाबा, जहर है ये! सात काय, सत्तर येळा धुतलं तरी जात नाही. लेकरं हायत घरात!" तो माणूस खजील झाला, कॅन फोडून टाकला. मला रफिकभाईंचा इतका अभिमान वाटला.

परत येताना ऊन मी म्हणत होतं. जीपमध्ये आमचा पाण्याचा कॅन असतो, निळा. मी गटागटा प्यायले, साहेबांना दिला. साहेब दोन घोट प्यायले आणि कॅन फिरवून खालचा अर्धवट सोललेला कागद वाचायला लागले.

"रफिक, हा कॅन कुठला?"

रफिकभाई समोर रस्त्याकडं बघतच बारीक आवाजात म्हणाले, "साले के खेत का है, साब. धोया ना मैं... सात बार!"

* * *

कौतिकमावशींची दुसरी बाटलीही काळी पडली.

उकिरडा विहिरीच्या जवळ होता. मी आणि रफिकभाईंनी फावडं मारून तो लांब हलवला. मावशी मेथीची भाजी निवडत आमच्याशी गप्पा मारत होत्या. नातवाचा फोन आठ-आठ दिवस लागत नाही, शेळीला जुळं झालं, असं सगळं. मी विहिरीत पावडर टाकली. "मावशी, पोट दुखतं का तुमचं? जुलाब?"

"मला? दगड पचतोय मला!"

तिसरी बाटली. काळी!

साळवेसाहेबांनी ती उजेडात धरली. "पावडर टाकूनसुद्धा? शक्य नाही. पण रिपोर्ट तो रिपोर्ट. विहिरीवर लाल रंग मारा, 'पिण्यास अयोग्य'."

मला रडूच यायला लागलं. गुढीपाडव्याला साऱ्या घरांची माणसं थकून-भागून परत येणार आणि त्यांच्या विहिरीवर लाल रंग! दुसरं पाणी घाटाच्या पायथ्याला. डोक्यावर हंडा घेऊन एवढा डोंगर चढणार कोण? मी साहेबांशी भांडले. हो, चक्क भांडले. "एक बाटली, साहेब. आणखी एकच."

"शेवटची," ते म्हणाले.

ठरल्या दिवसाच्या एक दिवस आधीच गेले. मावशी शेळ्या घेऊन माळावर गेलेल्या. मग मीच बादली सोडली, मीच शेंदलं, मीच बाटली भरली. झाकण लावतेय तोवर किल्ल्यांची खुळखुळ ऐकू आली. मावशींनी माझ्या हातातली बाटली बघितली आणि चेहरा असा उतरला, की मीच ओशाळले.

"तू कावून शेंदलंस? मी मेलेवते का?" पहिल्यांदाच माझ्यावर रागावल्या. त्या दिवशी च्या दिला, पण शेंगा काढल्या नाहीत.

दोन दिवस गेले. तीन गेले. बाटली जशीच्या तशी, एक डाग नाही! लॅबमध्ये मी ती चार वेळा हलवून बघितली. आधीच्या तिन्ही बाटल्या मावशींनी भरल्या होत्या. मग मावशींच्या घराचा फॉर्म काढला. 'इतर धोके'मध्ये मी पहिल्या दिवशी 'निरंक' लिहिलं होतं. ते खोडलं आणि लिहिलं, 'घरात एकटीच. गल्लीत कोणी नाही.'

साहेबांनी वाचलं. समोरच्या नितळ बाटलीकडं बघितलं. चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता खोडाखोडीबद्दल ऐकावं लागणार.

"उपायाचा रकाना रिकामा आहे."

"मला सुचलं नाही, साहेब."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'दर पंधरा दिवसांनी जाणे.' खाली सही केली.

"पाणी चांगलं आहे, तरी?"

"मी पाण्याबद्दल काही लिहिलंय का?" साहेब म्हणाले आणि पुढचा फॉर्म ओढला.

पंधरा दिवसांनी जीप वाडीला लागली तेव्हा मावशी दारातच होत्या. मी उतरल्या उतरल्या सांगितलं, "मावशी, पाणी पास झालं! एकदम चांगलं आहे."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मंग आज कावून आलीस?"

"यायचंच आहे. आता दर पंधरा दिवसांनी येणार. साहेबांचा हुकूमच निघालाय."

मावशींनी माझ्या हातातली रिकामी बाटली घेतली. मग किल्ल्या खुळखुळवत विहिरीवर गेल्या. बादली सोडली, शेंदलं, बाटली अगदी खुणेपर्यंत भरली. पदरानं बाहेरून पुसली आणि माझ्या हातात दिली.

"घे," म्हणाल्या. "आज काईच न्हाई घातलं."