वाळत घातलेला कागद

माझे साडू विम्याचे सर्व्हेअर होते. कुणाचं दुकान जळालं, गोदामात पाणी शिरलं, की विमा कंपनी त्यांना धाडायची, आणि नुकसान खरं किती हे ते जागेवर जाऊन ठरवायचे. कंपनीचे नोकर नव्हेत बरं का; कामापुरतं बोलावणं. बोलावणं आलं तर चूल पेटली. आमची पोरं त्यांना फूटपट्टीकाका म्हणत. माणूसही तसाच होता, सरळ, लाकडी आणि वाकवायला गेलात तर मोडेल असा.

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचो. पण मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला सातवी पुष्कळ झाली. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी साडूभाऊ दारात उभे राहायचे. "दादा, टोक धरता का?" मी चप्पल घालायचो. काय काय पाहिलं म्हणून सांगू! एकदा छत्र्यांचं दुकान जळालं. मालक छाती बडवून सांगतोय, चारशे छत्र्या गेल्या. साडूभाऊ राखेत उकिडवे बसले आणि म्हणाले, "दादा, कापड जळतं, काड्या जळत नाहीत. मोजा." एका छत्रीला आठ काड्या. संध्याकाळपर्यंत माझी मोजणी एकशे बारा छत्र्यांवर येऊन थांबली. मालक म्हणतो, "साहेब, बाकीच्या पार भस्म झाल्या." साडूभाऊंनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही बिनकाड्यांच्या छत्र्या विकत होतात का?" मी हसून हसून राखेतच बसलो. घरी गेलो तर बायको दारातच आडवी. "अहो, दुकान त्यांचं जळालं की तोंड तुमचं?"

असे किस्से सांगायला बसलो तर रात्र पुरायची नाही. पण आज बेकरीवाल्याचं सांगायचंय. ते मी एका माणसाखेरीज आजवर कुणाला सांगितलं नाही.

बेकरीवाला आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. भट्टी आधी पुढच्या खोलीत होती, ती त्याने मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवली. विम्यात असं असतं, की जागा बदलली तर धोका बदलतो, म्हणून कंपनीला कळवायचं. कळवलं नाही तर विमा असून नसल्यासारखा. पुढे शेडला आग लागली आणि होतं नव्हतं ते सगळं गेलं.

टेपचं टोक मीच धरलं होतं. वितळलेल्या पत्र्याखाली उभं राहून साडूभाऊंनी विचारलं, "भट्टी हलवल्याचं कळवलं होतं?"

"होय साहेब. स्वतः पत्र नेऊन दिलं, ऑफिसात, टेबलावर."

"पोच घेतलीत?"

"पोच कसली?"

"पत्र मिळालं म्हणून सही-शिक्का."

बेकरीवाला हात पुसत म्हणाला, "साहेब, मी लोकांना पाव देतो तेव्हा कुणी सही मागत नाही हो."

साडूभाऊंनी शाखेत जाऊन विचारलं. फाइलमध्ये पत्र नव्हतं. मग त्यांनी अहवालात लिहिलं, 'विमाधारकाने बदल कळवला नव्हता.' पुढे कितीदा तरी ते मला म्हणाले, "दादा, मी लिहायला हवं होतं, कळवल्याचा कागद मला सापडला नाही. तेवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं मी माझ्या पदरचं लिहिलं."

कंपनीने दावा फेटाळला. पैसे बुडाले ते बुडालेच, पण गल्लीने त्याला लबाड ठरवलं. पीठवाल्याने उधारी बंद केली. शाळेत पोरं त्याच्या मुलीला 'विमापाव' म्हणून चिडवायला लागली. शेवटी तो बस स्टँडजवळच्या दुसऱ्या एका बेकरीत कामाला लागला, दुसऱ्याच्या भट्टीपुढे.

दोन वर्षं गेली. एके दिवशी विमा कंपनीच्या शाखेतच वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि रेकॉर्डच्या खोलीत गुडघाभर पाणी झालं. जगाला विमा विकणाऱ्यांच्या फाइली तरंगायला लागल्या! पाहणीला साडूभाऊ आले आणि टोक धरायला मी. आम्ही खोलीभर दोऱ्या बांधल्या. मी एकेक कागद सोडवून चिमट्याने वाळत टाकत होतो, लंगोट वाळत टाकावेत तसे. मला मोठ्याने वाचायची खोड. पेपरसुद्धा मी मनात वाचू शकत नाही. तर एका केशकर्तनालयाच्या फाइलीत चिकटलेला एक कागद हाताला लागला. मी वाचत सुटलो: "मी माझी पावाची भट्टी पुढच्या खोलीतून मागच्या शेडमध्ये नेली आहे, तरी नोंद व्हावी." खाली बेकरीवाल्याची सही, आणि कोपऱ्यात शाखेचा आवक शिक्का, आगीच्या सात आठवडे आधीचा.

साडूभाऊ पाण्यातून चपचप करत आले. त्यांनी तीनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि तो ठेवायचा कुठे हेच त्यांना सुचेना.

मी म्हणालो, "खिशात घाला आणि चला."

"नाही दादा. जागेवरचा कागद सर्व्हेअरने हलवायचा नसतो. उद्या मॅनेजरला समोर उभं करून, पंचनामा करून घेऊ."

तेव्हा काही खिशात कॅमेरे नव्हते. दुसऱ्या दिवशी गेलो तर दोरीवर चिमटा होता, कागद नव्हता.

"कुठला कागद?" मॅनेजर म्हणाला. "इथे तर नुसता लगदा झालाय हो."

साडूभाऊ घरी आले आणि मुख्य कार्यालयाला पत्र लिहायला बसले: बेकरीच्या दाव्यातला माझा अहवाल चुकीचा आहे. मेहुणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, डोक्याला हात लावला. "सर्व्हेअर स्वतःच्याच अहवालावर उलटला असं कधी ऐकलंय? उद्या कोण देईल काम?" ते म्हणाले, "त्याला लबाड मी केलंय. मग निस्तरायचं कुणी?"

महिन्याभराने चौकशीला एक मोठे अधिकारी आले. पत्र पाहिलेली माणसं दोन: साडूभाऊ आणि मी. साडूभाऊ तर स्वतःचीच बाजू सांगणार, तेव्हा खरा साक्षीदार मीच.

आता माझं ऐका. माझ्या जावयाने चारच महिन्यांपूर्वी त्याच शाखेत विम्याची एजन्सी घेतली होती. आधी दोन धंदे बुडवून बसलेला, पोरगी पोटुशी. मी आत जायला निघालो तर मॅनेजर चहाचा कप घेऊन बाहेर उभा. म्हणाला, "तुमचे जावई फार होतकरू आहेत हो." एवढंच म्हणाला. धमकी नाही, काही नाही.

अधिकारी भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली. विचारलं, "आजोबा, तो कागद तुम्ही वाचलात का?" पन्नाशीतच मला आजोबा म्हणाला, एरवी मी भांडलो असतो.

शेजारी साडूभाऊ मांडीवर हात ठेवून बसलेले. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, इतकी खात्री.

मी म्हणालो, "साहेब, कागद तर शेकड्याने होते. मी आपला वाळत टाकत होतो. वाचायला मी शिकलोय कुठे? खेड्यातल्या शाळेतली सातवी ती."

आयुष्यभर मी त्या शाळेच्या बढाया मारल्या. आमच्या मास्तरांनी छडीच्या टोकावर अक्षर शिकवलं, आजही माझ्याइतकं खणखणीत कुणी वाचत नाही, हे मी नातवंडांना रोज ऐकवतो. आणि त्या दिवशी तिलाच मी पुढे केलं आणि तिच्या पदराआड लपलो.

अधिकाऱ्याने फाइल मिटली. बाहेर आल्यावर साडूभाऊ म्हणाले, "चला दादा, ऊन वाढतंय." त्यावर मरेपर्यंत एक अक्षर नाही. माझी मेहुणी मात्र गप्प बसणारी नव्हती. संध्याकाळी आली, पायरीवरच उभी राहिली. "भावोजी, तुम्ही सकाळी पेपर वाचता ना, तो आमच्या घरापर्यंत ऐकू येतो." एवढं बोलून गेली. माझ्या बायकोने त्या दिवशी मला वाढलं, पण शेजारी बसली नाही.

कंपनीने साडूभाऊंना काढलं वगैरे नाही. नुसतं बोलावणं यायचं थांबलं. या धंद्यात तेवढं पुरतं. तिशीपासून जोडलेलं नाव, बावन्नाव्या वर्षी कुणी विचारीना. मग एका इमारतीच्या ठेकेदाराकडे फरशा मोजायला जायला लागले. जावयाची एजन्सी? वर्षभरात तीही बुडाली. आता तो नळाचे पाइप विकतो. ज्याच्यासाठी केलं ते असं.

सुट्टीच्या दिवशी साडूभाऊ तरीही यायचे. "दादा, टोक धरता का?" मी धरायचो. किस्से सांगायचो, तेही हसायचे. रोज वाटायचं, आज बोलू. पण तोंडाळ माणसाला नको तेव्हाच तोंड फुटतं.

गेल्या वर्षी साडूभाऊ गेले. महिन्याभराने मी बस स्टँडजवळच्या बेकरीत गेलो. बेकरीवाला पार म्हातारा झालाय, पण हात तसाच चालतो. लांब दांड्याच्या फळीवरून पाव बाहेर ओढत होता. मी माझी ओळख सांगितली, आणि तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, ते पत्र सुरुवातीपासून शिक्क्याच्या तारखेपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. एवढ्या वर्षांत एक शब्द विसरलो नव्हतो. "तुम्ही कळवलं होतं," मी म्हणालो. "मी वाचलं होतं. चौकशीत मी खोटं बोललो."

त्याने फळी भिंतीला टेकवली. "ते साहेब चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी घरी आले होते. बायको-मुलीसमोर हात जोडून म्हणाले, तुमचा माणूस खरा आहे, चूक माझी. गल्लीतही दारोदार सांगत फिरले. आमचं तेव्हाच भरून पावलं."

"माझ्याबद्दल काही बोलले?"

"म्हणाले, दुसरा साक्षीदार होता, पण पाणी फार होतं, त्याला नीट दिसलं नसेल." बेकरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे. "काका, तुमची साक्ष मला नको होती. त्यांना हवी होती."

मागून गिऱ्हाईक ओरडलं, पाव होतायत का नाही. तो परत भट्टीकडे वळला. मी बाजूला झालो.